सोप्यातली शहाबादी, माजघरातला लाल कोबा आणि माझा मेणाचा डबा

आईचा पाय घसरला तो अंगणात नाही की पावसात नाही, चांगल्या झाडून-पुसून ठेवलेल्या माजघरात घसरला. भाऊबीजेची सकाळ, २०२३ ची दिवाळी, मामा यायचे होते, आई आंघोळ करून ओल्या पायाने बाथरूमच्या दारातून दोन पावलं पुढं आली आणि गेली. मनगट फ्रॅक्चर, दीड महिना प्लास्टर. आणि त्या कोब्यावर आठ दिवस आधी डब्यातलं मेण-पॉलिश लोणी लावल्यासारखं थापणारा माणूस मी. त्यामुळं हे प्रकरण लिहायला माझ्याइतका लायक दुसरा कोणी नाही.

आधी घर सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच आहे. सोलापूरच्या जुन्या भागात आजोबांनी ७२ च्या दुष्काळाआधी बांधलेलं, आजोबा गिरणीत होते. पुढं सोपा, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. सोप्यात शहाबादी फरशी, दीड बाय दीडचे तुकडे, कारण तेव्हा इथं दुसरं काही परवडायचंच नाही, शहाबाद इथून रेल्वेने गुलबर्ग्याच्या पुढं वाडीच्या अलीकडे, त्यामुळं सोलापुरात निम्मी जुनी घरं त्याच दगडावर उभी आहेत. माजघरात लाल कोबा, म्हणजे सिमेंटच्या कोब्यावर वरून रेड ऑक्साईड घातलेला पातळ थर, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. स्वयंपाकघरात नंतर बसवलेल्या मोझेक टाइल्स, त्यांचा या प्रकरणात काही दोष नाही म्हणून त्यांना सोडून देऊ.

आता २०२३ मधे मी नेमकं काय केलं. दिवाळीत बहिणीच्या सासरचे येणार होते आणि सोपा काळपट दिसत होता, कितीही पुसा, मधोमध चालायच्या वाटेवर एक मळकट पट्टा. मी म्हणलं फरशी घाण झालीय, धुऊन काढू. बाथरूम साफ करायचं ॲसिड आणलं आणि सोप्यात ओतलं. फस्स करून फेस आला, मला वाटलं वा, काय घाण निघायलीय. ती घाण नव्हती ओ, तो दगड निघत होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगडाचा वरचा थर विरघळून पाण्याबरोबर वाहून जातो. वाळल्यावर सोप्यात जागोजागी पांढुरके ढग दिसायला लागले, हात फिरवला तर खरखरीत. राहिलेलं ॲसिड माजघराच्या कोपऱ्यातही घातलं, तिथं कोब्याचा लाल रंग फिका पडला, कारण सिमेंटलाही ॲसिड तसंच खातं. मग हे झाकायला हार्डवेअरमधून मेण-पॉलिशचे दोन डबे आणले आणि दोन्ही खोल्यांत जाडजूड हात दिला, वाळेना म्हणून परत एक दिला. हे दुसऱ्यांदा देणं म्हणजे कळस होता.

दिवाळीत फोटोत छान दिसली फरशी, खोटं कशाला बोलू. पण एप्रिलमधे सोलापूरचा पारा चाळिसाच्या वर गेल्यावर फरशी चिकट झाली. अनवाणी चाललं की पाय सुटताना चिक् असा बारीक आवाज यायचा, आणि त्यावर सोलापूरची धूळ बसली, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल, मे महिन्यापर्यंत सोप्याचा रंग रस्त्यासारखा. आई पडल्यावर आम्ही माजघरात सतरंजी टाकली होती, ती उचलली तर तिचे धागे फरशीला चिकटून राहिले. डब्यातलं पॉलिश म्हणजे मेण आणि ते पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइनसारखं द्रव्य. पातळ लावलं तर द्रव्य उडून जातं आणि मेण कडक होतं. जाड थापलं तर वर साय धरते आणि खाली द्रव्य अडकून मेण मऊच राहतं. त्यात पॅराफिनचं मेण साधारण ५० ते ६० अंशाला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं, आणि दारातून ऊन येणारी फरशी हवेपेक्षा जास्त तापते.

शेजारच्या काकूंनी सांगितलं आणखी एक कडक पॉलिश मिळतं, ते मारा वरून. तिथंच मी थांबलो, पहिल्यांदाच.

पाऊस संपेपर्यंत सतरंजीवरच भागवलं आणि २०२४ च्या दिवाळीनंतर एका पॉलिशवाल्या मिस्त्रीमामांना बोलावलं. साठीचे असतील, घिसाई मशीनवर, म्हणजे फरशी घासून पॉलिश करायच्या मशीनवर आयुष्य गेलेलं. आत येऊन ते उकिडवे बसले, खिशातलं ब्लेड काढलं आणि सोप्याच्या मधल्या त्या मळकट पट्ट्यावर आडवं धरून खरवडलं. पिवळट-काळी वळी निघाली, पेन्सिलला टोक केल्यावर निघते ना तशी गुंडाळलेली, त्यांनी ती बोटावर घेऊन माझ्यापुढं धरली. "काय काय लावलाव ओ यावर?" मी म्हणलं दोन डबे. ते म्हणाले हे दोन डब्याचं नाही, आणि आईकडं बघितलं. मग निघालं सगळं. गेली तीसेक वर्षं आई दर सणाला पुसायच्या पाण्यात रॉकेल घालायची, चमक येते म्हणून, आणि कोब्याला खोबरेल तेलाचा हात, ही तर आजीपासूनची पद्धत. त्यात चूक काही नाही, त्या काळात घरोघरी हेच होतं, पण प्रत्येक वेळी जुनं न काढता वर नवं. तेल, धूळ, मेण, परत तेल. म्हणजे आमची फरशी मळलेली नव्हतीच, फरशी खाली होती आणि आम्ही तीस वर्षांच्या लेपावर चालत होतो. मला वाटत होतं मेण कमी पडतंय!

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी तपासल्या, तिन्ही फुकटच्या. कपाटामागच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा साफ करून लिंबाचा एक थेंब टाकला, बारीक फेस आला आणि पुसल्यावर तिथं चवन्नीएवढा निस्तेज डाग राहिला, तो अजून आहे. म्हणजे दगड चुनखडीचाच, लिंबू-व्हिनेगर-ॲसिड सगळं बंद. साफ केलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवला तर मिनिटभरात दगड गडद झाला, म्हणजे पाणी पितो. शेजारच्या लेपाच्या जागी थेंब मण्यासारखा बसून राहिला. तिसरी तपासणी ओलीची. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून रात्रभर फरशीवर ठेवले. सकाळी सोप्यातलं कोरडं, माजघराच्या मध्यावरचं कोरडं, पण बाथरूमच्या भिंतीलगतच्या तुकड्याला आतून दव. आई जिथं पडली तिथंच. भिंतीतून ओल येत होती आणि त्यावर मी मेण लावून तिचा वर यायचा रस्ता बंद केला होता, म्हणून तिथलं मेण पांढरट पापुद्र्यासारखं सुटलेलं होतं. मेणाखाली ओल अडकली की बोअरच्या पाण्यातले क्षारही तिथंच साचतात, हे मिस्त्रीमामांचं म्हणणं, आणि त्या पापुद्र्याखाली मिठासारखी पांढरी भुकटी खरंच होती.

काम काढलं जानेवारीत, गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची गर्दी ओसरल्यावर, आणि हे मुद्दाम. एक तर हवा कोरडी असते. दुसरं म्हणजे मेण काढायला टर्पेंटाइन लागतं आणि त्याची वाफ साधारण ३५ अंशाच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. एप्रिल-मे मधे आमचं घर दुपारी त्याच्या वर असतं, शेजारच्या खोलीत गॅस पेटवला तर काय होईल हा विचारसुद्धा नको. जानेवारीत पण गॅस सिलेंडरला बंद, देवघरातला दिवा बंद (यावर आई नाराज, पण ऐकली), दारं-खिडक्या सताड उघड्या, पोरं आत्याकडं.

लेप काढायचं काम मी आणि बायकोने केलं, मिस्त्रीमामा म्हणाले याला मशीन लावलं तर मेण वितळून खडीच्या, म्हणजे मशीनला खालून लावायच्या घासायच्या दगडाच्या दाताला भरतं आणि खडी घासायचीच बंद होते. जुन्या टॉवेलांचे तुकडे, सोलापुरात टॉवेलांना काय तोटा. तुकडा टर्पेंटाइनमधे भिजवायचा, हातरुमालाएवढ्या जागेवर दहा मिनिटं पसरून ठेवायचा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि कोरड्या तुकड्याने लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर विरघळलेलं मेण परत दगडाच्या छिद्रात जाऊन बसतं. पहिल्या दिवशी आम्हाला हे कळलं नव्हतं, एकाच फडक्याने पुसत सुटलो, संध्याकाळी वाळल्यावर होतं तसंच. तुकडा सारखा बदलायला लागतो, सोप्याला साठ-सत्तर तरी गेले. मेण असं निघतं पण जुनं तेल टर्पेंटाइनला दाद देत नाही, ते जुनं होऊन डिंकासारखं झालेलं असतं. त्याला धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, बादलीला मूठभर, ब्रशने घासून. सोडा आणि तेल मिळून साबण होतो आणि निघतं. त्यानंतर तीन वेळा साध्या पाण्याने, हातमोजे घालूनच, मी पहिल्या दिवशी घातले नव्हते आणि बोटांची सालपटं निघाली.

फडक्यांबद्दल एक सांगतो, कारण हे लोकांना माहीत नसतं. काही जण फरशीला किंवा लाकडाला जवसाचं तेल लावतात. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, त्याच्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो, कुणी काडी लावायची गरज नाही. आमच्याकडं जवस नव्हतं, तरी एकही फडकं बोळा करून ठेवलं नाही, सगळी गच्चीच्या कठड्यावर सावलीत एकेक पसरून वाळवली. शेजारच्यांना वाटलं आमच्याकडं बाळंतीण आहे.

मग मशीन. घिसाईला पाणी लागतं, सतत, आणि आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून मिस्त्रीमामांना पाण्याच्या दिवशीच बोलावलं आणि हजार लिटरची टाकी त्यांच्यासाठी राखून ठेवली. निम्म्याच्या वर गेली. खडीचे नंबर चढत जातात. ६० ची फक्त जिथं एक फरशी दुसरीपेक्षा वर होती त्या सांध्यावर, कारण शहाबादीचे पापुद्रे निघतात, सरसकट जाड खडी फिरवायला त्यांनी साफ नकार दिला. मग १२०, २२०, ४००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ठेवतो, आणि ओरखडे जेवढे बारीक तेवढा उजेड विखुरण्याऐवजी सरळ परत येतो, म्हणजे आपण ज्याला चमक म्हणतो ती. १२० नंतर मधला ॲसिडचा ढग नाहीसा झाला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. २२० नंतर थांबून सांधे भरले, सिमेंट आणि पांढरं सिमेंट मिसळून दगडाच्या रंगाला जुळवून, ते वाळू दिले आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी ४००. निघालेला राखाडी राडा मोरीत जाऊ द्यायचा नाही, तो खाली बसून पाइपमधे घट्ट होतो, आम्ही सुपलीने भरून गोण्यांत घातला.

शेवटी मिस्त्रीमामांनी पुडी काढली, ऑक्झॅलिक ॲसिड. ॲसिड म्हणल्यावर मी उभाच राहिलो. ते हसले. नंतर मी वाचून घेतलं तर त्यांचं बरोबर होतं: बाथरूमच्या ॲसिडने जे बनतं ते पाण्यात विरघळून निघून जातं म्हणून खड्डे पडतात, ऑक्झॅलिकने जे कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तिथंच बारीक घट्ट थर होऊन बसतं आणि गोणपाटाने घासल्यावर तकाकी देतं. संगमरवराला हेच करतात. पण पोटात गेलं तर विष आहे, तोंडाला फडकं, हातमोजे, आणि भरपूर पाण्याने धुणं. एवढं करून शहाबादी काही आरशासारखी होत नाही, तिची तब्येतच तशी नाही. ओल्या पाटीसारखी शांत चमक येते. सोपा १४० चौरस फूट, चौरस फुटाला २८ रुपये, ३९२० झाले, चार हजार दिले.

कोब्याला मात्र त्यांनी मशीन लावलंच नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "वरचा लाल थर काही मिलिमीटरचा, खडी फिरवली की खालचं सिमेंट दिसतंय बघा." ते माजघर हाताने, पाणी टाकून वॉटर पेपर, म्हणजे ओला चालणारा पॉलिश पेपर, ४०० आणि मग ६०० नंबरचा, आणि ते मी केलं, चार रविवार. ॲसिडने फिका पडलेला कोपरा फिकाच राहिला. त्यावर लाल रंग मिसळून सिमेंटचा पातळ हात मारून बघितला, वाळल्यावर ठिगळ लावल्यासारखं दिसलं, खरवडून काढलं. तिथं आता धान्याचं पिंप आहे.

आता मेण. एवढ्या सगळ्यानंतर मेण लागलं किती, तर सोप्याला दोन हातांना मिळून पाव किलोच्या आतच. मी मधमाशीचं मेण आणि कार्नौबा घेतलं. कार्नौबा म्हणजे ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ऑनलाइन मिळतं, महाग, पण ते ८२ ते ८६ अंशाला वितळतं, मधमाशीचं ६२ ते ६४ ला. नुसतं कार्नौबा ठिसूळ, नुसतं मधमाशीचं सोलापूरच्या उन्हाला मऊ, म्हणून वजनाने दोन भाग मधमाशीचं, एक भाग कार्नौबा आणि साधारण सात भाग टर्पेंटाइन. मेण उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवायचं, गॅस पूर्ण बंद करायचा, पातेलं उचलून अंगणात न्यायचं आणि तिथं टर्पेंटाइन घालायचं. आत, गॅसजवळ घालायचं नाही, हे मी दोनदा लिहितोय ते मुद्दाम. गार झाल्यावर तुपासारखं होतं.

लावताना टॉवेलच्या तुकड्यात बोटभर घेऊन गुंडाळायचं आणि कापडातून झिरपेल तेवढंच फरशीला द्यायचं. लावल्यासारखं वाटतच नाही इतकं पातळ. अर्धा तास थांबून घोटायचं. हे घोटणं मशीनशिवाय कसं करायचं हा प्रश्न पुतण्यांनी सोडवला: जुनी सोलापुरी चादर चौपदरी घातली, धाकट्याला तिच्यावर बसवलं आणि थोरल्याने दोन टोकं धरून सोपाभर ओढत नेलं, मग अदलाबदली. तासभर आरडाओरडा, आणि दगड असा उजळला की दाराची चौकट खाली दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा हात, परत चादर-एक्सप्रेस.

कोब्याला एकच हात, तोही बाथरूमच्या भिंतीपासून अडीच फूट सोडून.

२०२५ चा उन्हाळा ही खरी परीक्षा होती. सोप्यात दारासमोर दुपारी बारा ते तीन ऊन पडतं, तेवढ्या दोन फुटांच्या तुकड्यावर पावलं उमटायला लागली, बाकी कुठंही चिकटपणा नाही. तो तुकडा टर्पेंटाइनने पुसून तसाच ठेवला आणि वर पायपुसणं टाकलं. शेंगा चटणीचं तेल एकदा सांडलं, लगेच टिपलं, डाग नाही, आधी हेच तेल दगड पिऊन टाकायचा. पुसायला आता फक्त साधं पाणी, फडकं चांगलं पिळून, आणि मागोमाग कोरडं फडकं, कारण बोअरचं पाणी वाळू दिलं की पांढरे ओघळ राहतात. फिनाइल बंद, रॉकेल तर आता मिळतंय कुठं. रांगोळी उंबऱ्याबाहेर, ती दगडाची भुकटीच असते, पायाखाली घासली की बारीक ओरखडे पडतात. आईला हे पटलेलं नाही, ती शुक्रवारी आत काढतेच.

बाथरूमची भिंत मे मधे दुरुस्त केली, सांधे भरले, तरी ऑगस्टमधे प्लॅस्टिकचा तुकडा परत चिकटवून बघितला तर आतून बारीक दव होतंच, आधीपेक्षा कमी. म्हणून ते अडीच फूट अजून कोरंच आहे, बाकी लाल चकचकीत आणि तेवढी पट्टी मातकट. मला दर वेळी खटकतं. आई आंघोळ करून आली की बरोबर त्याच पट्टीवर थांबते, टॉवेलने पाय पुसते, आणि मगच पुढं येते. परवा मी म्हणलं भिंत वाळली की तिथंही एक हात देतो. ती म्हणाली, "तेवढं राहू दे तसंच."